तारीख, वार, वेळ

मलेशियातल्या क्लांग गावाच्या कचऱ्याच्या ढिगावर कुणीतरी फेकून दिलेला एक रेनकोट १९७४ च्या जानेवारीत दोन चित्रकारांनी उचलला आणि सात महिन्यांनी क्वालालंपूरच्या एका प्रदर्शनात मांडला. त्याला त्यांनी रंग लावला नाही, शिवलं नाही, त्यातून कसला आकारही घडवला नाही. फक्त शेजारी लेबल लावलं. हा टाकून दिलेला रेनकोट क्लांगच्या कचरा-तळावर रविवार, १३ जानेवारी १९७४ रोजी दुपारी ४ वाजून २३ मिनिटांनी सापडला आणि तो कुणाच्या तरी मालकीचा असणार, एवढंच त्या लेबलात होतं.

त्या दोघांपैकी एक सुलैमान एसा आणि दुसरा रेड्झा पियदासा. पियदासा संकल्पनात्मक कला करणारा चित्रकार होता आणि मलेशियाच्या आधुनिक कलेचा इतिहास लिहिणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांपैकीही होता. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेकजण ही दोन कामं वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवतात: आधी कलाकृती, मग पुस्तकं. मला हे पटत नाही. त्याची कला आणि त्याचं इतिहासलेखन एकाच सवयीतून आलेलं आहे. समोर आलेल्या गोष्टीवर तारीख, वार, वेळ आणि जागा लिहून ठेवायची, ही ती सवय.

मला हे पटकन जाणवलं याचं कारण माझं रोजचं काम. मी चित्रांच्या सूची करते. एखादा चित्रकार गेल्यावर त्याच्या घरी जे राहिलेलं असतं त्याची नोंद करायची. कपाटावर, माळ्यावर, पलंगाखाली, दाराच्या मागे चित्रं असतात. घरचे लोक एकेक कॅनव्हास आणून देतात आणि आपण त्याच्या पुढच्या बाजूकडे पाहून काहीतरी चांगलं बोलावं म्हणून वाट बघतात. पण सूची करणारा माणूस चित्र हातात आलं की आधी उलटं करतो.

जमिनीवर जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरायची आणि चित्र तोंडाकडून तिच्यावर टेकवायचं. मागे काय आहे ते पाहायचं. कॅनव्हास लाकडी चौकटीला छोट्या खिळ्यांनी ठोकला आहे की पिनांनी, खिळे गंजलेत का, चौकटीच्या कोपऱ्यात पाचरी आहेत का. मग चिठ्ठ्या. प्रदर्शनाला पाठवताना चिकटवलेली प्रवेशिकेची चिठ्ठी, तिच्यावर नाव, पत्ता, किंमत. फ्रेमवाल्याचा शिक्का. फ्रेमवाल्याचा फोन नंबर किती आकडी आहे यावरून काळाचा अंदाज येतो. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर चिठ्ठी बहुधा जुनी, ‘४०० ००४’ असेल तर नक्की १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्यानंतर टॉर्चचा उजेड तिरका मारून पाहायचं, खाली दुसरं चित्र दडलं आहे का. मापं घ्यायची, आधी उंची, मग रुंदी. सही कुठे आहे, कोणत्या रंगात आहे, रंग ओला असताना केली की वाळल्यावर. सगळं पेन्सिलीनं लिहायचं. चित्राच्या आसपास शाईचं पेन उघडायचं नाही.

यात सगळ्यांत जास्त वेळ तारखेला लागतो. सहीखाली वर्ष असलं तरी ते खरं असतंच असं नाही. पुष्कळ चित्रकार म्हातारपणी जुनी चित्रं बाहेर काढून सह्या करतात आणि आठवेल ते वर्ष टाकतात. त्यामुळे पूर्ण तारीख मिळाली की तिचा वार ताडून पाहायचा हा नियम. डायरीत तारखेपुढे लिहिलेला वार पंचांगाशी जुळला नाही, तर ती नोंद नंतर केलेली असण्याची शक्यता मोठी.

पियदासा आणि सुलैमान यांच्या त्या प्रदर्शनातली लेबलं वाचल्यावर मी तेच केलं. १३ जानेवारी १९७४ ला खरोखरच रविवार होता. त्याच प्रदर्शनात एक पिंजराही होता, आतला पक्षी सोडून दिलेला. तो रिकामा झाला १० जून १९७४ ला, लेबलाप्रमाणे सोमवारी. तोही बरोबर. पक्षी सोडला त्या वेळी घड्याळात २ वाजून ४६ मिनिटं झाली होती की ४७, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण या माणसांनी वार विचार न करता लिहिलेला नाही, हे कळलं आणि लेबलांवरचा माझा विश्वास वाढला.

पियदासाचा जन्म १९३९ चा, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाहांग राज्यातल्या कुआंतानचा. घराणं सिंहली. मलय, चिनी, तमिळ या तिथल्या मोठ्या समाजांच्या तुलनेत सिंहली समाज अगदी लहान. शिक्षक होण्याचं प्रशिक्षण त्यानं इंग्लंडमध्ये घेतलं, वुल्व्हरहॅम्पटनजवळच्या ब्रिन्सफर्ड लॉजमध्ये, जिथे मलायाच्या भावी शिक्षकांसाठी खास महाविद्यालय चालवलं जात होतं. पुढे १९६३ ते १९६७ लंडनच्या हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्टमध्ये. सुलैमान एसाही हॉर्न्सीचाच. दोघं परतले तेव्हा मलेशियात भावनेच्या भरात कॅनव्हासवर रंगांचे मोठे फटकारे मारण्याची चित्रपद्धती मानाची झालेली होती. सय्यद अहमद जमाल, लतीफ मोहिदीन, जॉली कोह ही त्यातली ठळक नावं. पियदासाला हे पुरेसं वाटेना. चित्रकारानं विचारही करायला हवा, चित्र म्हणजे काय हा प्रश्न चित्रातच विचारता यायला हवा, असा त्याचा आग्रह. १९६९ मध्ये त्याच्या बरोबरीच्या काहींनी मिळून ‘द न्यू सीन’ हे प्रदर्शन भरवलं.

त्याच वर्षी मे महिन्यात ते घडलं, ज्यामुळे पियदासाच्या कलेत पहिली तारीख आली.

१० मे १९६९ ला मलेशियात सार्वत्रिक निवडणूक झाली. सत्ताधारी आघाडीला मोठा धक्का बसला, विजयाच्या मिरवणुका निघाल्या, आणि १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी समाजांत दंगल पेटली. सरकारी आकडा १९६ मृतांचा. संसद तहकूब झाली आणि ती १९७१ पर्यंत भरलीच नाही. त्यानंतर त्या देशात या तारखेविषयी हलक्या आवाजात बोललं जाऊ लागलं. पियदासानं १९७० मध्ये एक शवपेटी घेतली, ती देशाच्या झेंड्याच्या रंगांत रंगवली, उभी केली आणि आरशावर ठेवली. कृतीला नाव दिलं ‘१३ मे १९६९’.

मूळ पेटी राहिलेली नाही. २००६ मध्ये ती पुन्हा घडवली गेली. सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत मी ती पाहिली. ही गॅलरी जुनं सर्वोच्च न्यायालय आणि सिटी हॉल या दोन इमारती जोडून २०१५ मध्ये सुरू झाली. पेटी आडवी असती तर तिच्याकडे शोकानं पाहता आलं असतं. उभी असल्यामुळे ती समोर माणूस उभा असावा तशी अंगावर येते. झेंड्याचे पट्टे खाली जाता जाता आरशात शिरतात आणि तिथून उलटे खोल जातात. जवळ गेलं की त्या आरशात आपले स्वतःचे बूट दिसतात. मी दोन पावलं मागे सरले, आणि माझ्या शेजारी उभा असलेला शाळकरी मुलगाही सरला. आरसा पेटीखाली का ठेवला याची निरनिराळी स्पष्टीकरणं वाचायला मिळतात. मला ते बूट पुरेसे आहेत.

पण त्या कृतीतली सगळ्यांत धीट गोष्ट तिचं नाव आहे असं मला वाटतं. ‘शोक’, ‘मातृभूमी’, ‘जखम’ अशी नावं ठेवता आली असती आणि त्या नावांमागे लपताही आलं असतं. पियदासानं नुसती तारीख लिहिली. १९७१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक नाजूक विषयांवर जाहीरपणे प्रश्न विचारण्यालाच बंदी आली, हे लक्षात घेतलं की त्या साध्या तारखेचं वजन कळतं. तारखेवर वाद घालता येत नाही. तो दिवस झाला होता एवढंच ती सांगते.

१९७१ मध्येच मलाया विद्यापीठात राष्ट्रीय संस्कृतीविषयी परिषद झाली. देशाच्या संस्कृतीचा पाया मलय असेल आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा घटक असेल, असं तिथे ठरलं. आता प्रत्येक चित्रकारापुढे प्रश्न आला: माझं चित्र या देशाचं आहे हे कशावरून? कुणी बाटिककडे वळलं, कुणी मलय आख्यानांकडे. सिंहली कुळातला पियदासा आणि मलय मुसलमान सुलैमान यांनी १९७४ मध्ये वेगळं उत्तर देऊन पाहिलं.

ऑगस्ट १९७४. जागा देवान बहासा दान पुस्ताका, म्हणजे मलेशियाची भाषा आणि साहित्याची सरकारी संस्था. तिथला ‘सुदुत पेनुलिस’ हा लेखकांचा कोपरा. प्रदर्शनाचं नाव ‘टुवर्ड्स अ मिस्टिकल रिअॅलिटी’, गूढ वास्तवाच्या दिशेनं. उपशीर्षकात ‘डॉक्युमेंटेशन’ हा शब्द होता: दोघांनी मिळून घेतलेल्या अनुभवांची नोंद. मांडलेल्या वस्तू अशा. २५ मार्च १९७४ च्या रात्री डास घालवण्यासाठी लावलेल्या, जळून गेलेल्या कासवछाप अगरबत्त्या. १० जूनला पक्षी सोडून दिल्यावर रिकामा राहिलेला पिंजरा. दोघांनी सात महिने पाणी घालून सांभाळलेली कुंडी. अर्धवट प्यायलेल्या कोकाकोलाच्या दोन बाटल्या. पेटालिंग जयाच्या एका न्हाव्याच्या दुकानातून उचललेले केस. अनेकांनी बसून घेतलेली रिकामी खुर्ची. अनेक सावल्या ज्याच्यावर पडून गेल्या तो कोरा कॅनव्हास. आणि तो रेनकोट.

बरोबर एक लांबलचक जाहीरनामा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाश्चात्त्य कला डोळ्याला दिसणाऱ्या आकारात आणि वस्तू मोजून तपासण्याच्या वैज्ञानिक दृष्टीत अडकली. आशियातल्या विचारात, विशेषतः ताओ आणि झेनमध्ये, वस्तू ही स्थिर वस्तू नसते, ती एक घटना असते. म्हणून आशियाई कलावंतानं आकार बनवण्यापेक्षा घटनेकडे लक्ष वेधावं.

प्रदर्शनात कवी साल्लेह बेन जोनेद यानं पँटची चेन उघडली आणि जाहीरनाम्याच्या एका प्रतीवर लघवी केली. पुढच्या वर्षी ‘देवान सास्त्रा’ या मासिकात पियदासाला उद्देशून त्याचं खुलं पत्र छापून आलं. झेनचं नाव घेणाऱ्यांनी इतकं पंडिती, इतकं गंभीर होऊ नये, झेनमध्ये उत्स्फूर्तपणा आणि खेळकरपणा असतो, तो तुमच्यात कुठे आहे, असा त्याचा सूर. हा किस्सा मलेशियाच्या कलाविश्वात आजही सांगितला जातो, आणि अनेकदा प्रदर्शनापेक्षा किस्साच लोकांच्या लक्षात राहिलेला असतो.

साल्लेहच्या आक्षेपात तथ्य आहे. पौर्वात्य म्हणजे ध्यान आणि पाश्चात्त्य म्हणजे विज्ञान, ही विभागणी फार सरळ आहे. जाहीरनामा ज्या घड्याळी, मोजमापी दृष्टीला दोष देतो तीच दृष्टी लेबलांमध्ये काठोकाठ भरलेली आहे. ४ वाजून २३ मिनिटं ही वेळ एखाद्या ताओ साधूनं लिहिलेली नाही. ती नोंदवही ठेवणाऱ्यानं लिहिली आहे. मला वाटतं प्रदर्शनाचं बळ नेमकं इथे आहे. जाहीरनामा आज वाचायला जड जातो. लेबलं मात्र अजून ताजी आहेत, कारण ती तत्त्वज्ञान सांगत नाहीत. पिंजऱ्यात पक्षी होता, तो अमुक वेळी गेला, एवढंच ती सांगतात. आपण पिंजऱ्याकडे पाहतो आणि नसलेला पक्षी पाहतो.

हे किती अवघड आहे, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात कलेतिहास शिकवताना मी मुलांना हाच पाठ देते. घरातली एक वापरलेली वस्तू आणायची. तिला हात लावायचा नाही, म्हणजे धुवायचं, रंगवायचं, सजवायचं नाही. तिच्यासाठी एकच वाक्य लिहायचं. त्या वाक्यात वस्तूवर घडलेली एक घटना, तिची तारीख, वार, वेळ आणि जागा हवी.

पहिल्या आठवड्यात विशेषणं येतात. ‘माझ्या आजीचा जुना, मायेचा पाट.’ मी ‘मायेचा’ खोडते. मग ‘जुना’ खोडते. मुलं रागावतात. पाटावर शेवटचं कोण बसलं, कधी, कोणत्या खोलीत, असं विचारलं की त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला पाटाविषयी वाटतं पुष्कळ, माहीत काहीच नाही. मग चौकशी सुरू होते. आईला विचार, मामाला फोन कर, मोबाइलमधल्या जुन्या फोटोची वेळ बघ, किराणावाल्याचं बिल शोध. जे काम मी चित्रकारांच्या घरी करते तेच काम ही मुलं स्वतःच्या घरी करू लागतात. लोकलचा संपलेला पास आणणाऱ्या मुलानं शेवटच्या प्रवासाची वेळ शोधायला चार दिवस घेतले, आणि ती त्याला ऑफिसच्या हजेरीवरून मागे मोजत मोजत मिळाली.

एका मुलीनं लुनाची किल्ली आणली होती. वडील गेलेले. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘बाबांची किल्ली, बाबा गेल्यानंतर.’ वर्गाला ते आवडलं. मी विचारलं, लुना कुठे आहे? विकली. कधी? घरी तिघांची तीन उत्तरं निघाली. आई म्हणाली वर्षश्राद्धाच्या आधी, भाऊ म्हणाला दहावीची परीक्षा झाल्यावर, ती स्वतः म्हणाली दिवाळीत. शेवटी आरटीओच्या हस्तांतराच्या कागदाची झेरॉक्स सापडली. तिनं नवं वाक्य लिहिलं, ज्यात लुना दुसऱ्याच्या नावावर झाली ती तारीख आणि वार होता, आणि विकताना ही दुसरी किल्ली द्यायची राहून गेली एवढंच होतं. त्यात ‘बाबा’ हा शब्दच नव्हता. त्याची गरजही नव्हती. वर्गातल्या प्रत्येकाला तो ऐकू आला.

पियदासाच्या पुढच्या कामांमध्ये हीच नोंद थेट चित्रावर चढते. ‘द ग्रेट मलेशियन लँडस्केप’ हे १९७२ चं चित्र. नाव ऐकून डोळ्यांसमोर भातशेती, नारळ, डोंगर येतात. चित्रात निसर्गदृश्य आहेही, पण त्याच्या भोवती स्टेन्सिलनं ठळक अक्षरांत चित्राच्या अंगांची नावं लिहिलेली आहेत, जसं खोक्यावर मालाचं नाव छापतात. ज्या गोष्टी मी चित्र उलटं करून शोधते त्या गोष्टी इथे पुढेच आल्या आहेत. पाहणाऱ्याला दृश्यात हरवता येत नाही. आपण एक चित्र पाहत आहोत, ते कशाकशाचं बनलं आहे, याची जाणीव सारखी होत राहते.

‘एंट्री पॉइंट्स’ हे त्याच्या पुढचं पाऊल, आणि माझ्या मते त्याची सर्वोत्तम कृती. १९७५ ते १९७७ तो हवाई विद्यापीठात होता. परतल्यावर १९७८ मध्ये त्यानं हे केलं. चिया यू चियान या मलेशियन चित्रकाराचं १९५८ मधलं नदीचं चित्र त्यानं घेतलं. प्रत काढली नाही, छायाचित्र वापरलं नाही. दुसऱ्याचं मूळ चित्रच आपल्या मोठ्या चौकोनात बसवलं आणि खाली स्टेन्सिलनं एक विधान लिहिलं. कलाकृती काळात अस्तित्वात नसतात, त्यांना प्रवेशाच्या जागा असतात, असा त्याचा आशय. कलेतिहासकार जॉर्ज कुब्लरच्या १९६२ च्या ‘द शेप ऑफ टाइम’ या पुस्तकात ‘प्रवेश’ ही कल्पना आहे: कलावंत एखाद्या परंपरेच्या साखळीत कोणत्या क्षणी दाखल होतो, यावर त्याला काय करता येईल हे अवलंबून असतं. पियदासानं हा विचार पुस्तकातून उचलून भिंतीवर आणला.

त्याचा अर्थ मी माझ्या कामातून असा लावते. चियानं १९५८ मध्ये नदी रंगवली, तो एक प्रवेश. वीस वर्षांनी पियदासानं तिला चौकट घातली, तो दुसरा. ते चित्र क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात गेलं, तो तिसरा. आणि ते पाहायला येणारा प्रत्येकजण आपापल्या तारखेनं आत शिरतो. सूची करताना चित्राच्या मागे सापडणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे हेच प्रवेश: इथे प्रदर्शन, इथे विक्री, इथे दुरुस्ती, इथे मुलीच्या लग्नात भेट.

यात दुसऱ्या चित्रकाराच्या कृतीवर हक्क सांगितल्याचा आरोप होऊ शकतो. मला तो इथे लागू वाटत नाही. पियदासानं नदीवर काही लिहिलं नाही, तिला आपल्या चौकटीत सांभाळून ठेवलं आणि चियाला १९५८ चा मान दिला. आणि ‘एंट्री पॉइंट्स’नंतरच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्यानं हाच मान एका अख्ख्या पिढीला दिला.

ती पिढी नानयांग चित्रकारांची. १९३८ मध्ये लिम हाक ताई यांनी सिंगापूरमध्ये नानयांग अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स स्थापन केली. ‘नानयांग’ म्हणजे चीनकडून पाहिलेले दक्षिण समुद्र. चीनमधून आलेल्या या चित्रकारांनी शाईचं चित्रण आणि पॅरिसची आधुनिक शैली यांच्या साहाय्यानं आग्नेय आशियातली माणसं, मासळी, केळीची पानं रंगवली. १९५२ मध्ये लिऊ कांग, चेन चोंग स्वी, चेन वेन सी आणि चोंग सू पिएंग हे चौघं बालीला गेले आणि त्या प्रवासातून निघालेली चित्रं या शैलीची ओळख ठरली. १९७९ मध्ये, राष्ट्रीय संस्कृतीचा पाया मलय असं ठरून आठ वर्षं झालेली असताना, पियदासानं क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलादालनात नानयांग चित्रकारांचं सिंहावलोकनी प्रदर्शन होण्यात पुढाकार घेतला आणि त्याच्या कॅटलॉगसाठी त्यांचा इतिहास लिहिला. एका सिंहली वंशाच्या माणसानं चिनी स्थलांतरितांची चित्रं मलेशियाच्या राष्ट्रीय कलादालनात, राष्ट्राच्या इतिहासाचा भाग म्हणून लावली. यात घोषणा नव्हती. चित्रं होती, नावं होती आणि प्रत्येक नावापुढे वर्ष होतं.

मग १९८३ मध्ये टी. के. सबापथी यांच्याबरोबर लिहिलेलं ‘मॉडर्न आर्टिस्ट्स ऑफ मलेशिया’ आलं. देवान बहासा दान पुस्ताकानं ते काढलं. जिथे नऊ वर्षांपूर्वी जाहीरनामा भिजला होता तीच संस्था. सबापथी सिंगापूरचे, शिक्षणानं कलेतिहासकार. पियदासा हाडाचा चित्रकार. आज मलेशियन कलेविषयी लिहिणाऱ्या कुणालाही या पुस्तकाला ओलांडून जाता येत नाही. चित्रकारानं इतिहास लिहू नये, तो आपल्या मित्रांना वर आणि विरोधकांना खाली ठेवतो, असं म्हणतात. ही भीती खरी आहे. पण जिथे दुसरं कुणी लिहीतच नाही तिथे चित्रकारालाच लिहावं लागतं. महाराष्ट्राचाही अनुभव हाच आहे. सुहास बहुळकर हे चित्रकार, आणि दीपक घारे यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेल्या दृश्यकलेच्या चरित्रकोशाशिवाय माझं एकही पान पुढे सरकत नाही. चित्रकाराला एक गोष्ट आतून माहीत असते: रंग वाळायला किती वेळ लागतो. त्यामुळे १९५० ची सही १९५० ची वाटते की नाही, हे त्याला इतरांच्या आधी कळतं.

ऐंशीच्या दशकापासून पियदासा छायाचित्रांकडे वळला. जुन्या स्टुडिओत काढलेले कौटुंबिक फोटो त्यानं मोठे केले, सिल्कस्क्रीननं छापले, त्यांवर रंग चढवले, भोवती कापडासारख्या नक्षीच्या पट्ट्या लावल्या. ही ‘मलेशियन मालिका’. त्यात मलय स्त्रिया आहेत, बाबा-न्योन्या म्हणून ओळखली जाणारी, मलय रीती आत्मसात केलेली चिनी कुटुंबं आहेत, भारतीय आहेत. सगळे एकाच प्रकारच्या खुर्च्यांवर, मागे रंगवलेला पडदा, हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. सुलैमान एसा या काळात इस्लामी कलेच्या वाटेनं गेला. पियदासा या चेहऱ्यांपाशी थांबला. कुणाचा देश हा वाद त्यानं पुन्हा घातला नाही. त्या देशात कोण कोण राहत होतं ते दाखवत राहिला.

ही चित्रं देखणी आहेत, काहींना तर जास्तच देखणी वाटतात. पहिल्या काळातला कठोर पियदासा इथे मऊ झाला अशी टीका होते. मला तसं वाटत नाही, पण या चित्रांसमोर उभं राहिलं की एक गोष्ट बोचते. ज्या माणसानं फेकलेल्या रेनकोटालाही मिनिटापर्यंतची वेळ दिली, त्याच्या हातात आलेल्या अशा कौटुंबिक फोटोंमधल्या बहुतेकांना नाव नाही. कारण फोटो ज्यांच्या घरी होता त्यांनी ते लिहून ठेवलं नव्हतं. इतिहासकार कितीही काटेकोर असला तरी न लिहिलेली तारीख त्याला वाचता येत नाही.

१९९८ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत आपल्याकडचे चित्रपट-दिग्दर्शक कुमार शहानी आणि कलाअभ्यासक ज्योतींद्र जैन होते. २००१ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलादालनानं त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं आणि त्याचा कॅटलॉग सबापथींनी लिहिला. २००७ च्या मे महिन्यात पियदासा गेला.

मी ज्या घरांत सूची करायला जाते तिथे चित्रांबरोबर फोटोंचा डबाही पुढे येतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत शे-दोनशे फोटो, आणि ‘हे कोण?’ विचारलं की घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडे माना वळतात. ते माणूस अजून असेल तर आपलं नशीब. तुमच्या घरी असा डबा असेल तर या रविवारी तो उघडा. शाईचं पेन नको, बॉलपेनही नको. मऊ, २बी पेन्सिल घ्या, फोटो उपडा करून कडेला हलक्या हातानं नाव, गाव, वर्ष लिहा, आणि माहीत असेल तर वारही लिहा.